जळगाव बरं, पुणं बरं की सुरत? दोन ठिकाणच्या राहणीमानाची तुलना करायची तर अशी करा

कॅम्पसमधून पुण्याची ऑफर आली किंवा सुरतला मामाने काम बघून ठेवलं की आपल्याकडे घराघरात एकच वाद सुरू होतो, तिकडे लाइफ चांगली की इकडे. मंग एक जण म्हणतो पुण्यात पगार डबल, दुसरा म्हणतो पण भाडं बघ ना भो, आजी म्हणते आपल्या घरचं दूध-भाकरी कुठं मिळणारे, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. खान्देशातून बाहेर जाणारे तर भरपूर आहेतच, पण बाहेरून बदली होऊन भुसावळला रेल्वेत, दीपनगरच्या पॉवर स्टेशनला, नाहीतर नंदुरबारला मास्तर किंवा डॉक्टर म्हणून येणारेही कमी नाहीत, आणि त्यांच्या घरातही उलट्या बाजूने हाच वाद राहतो. ज्यांनी अशी तुलना कधी कागदावर केलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. वही-पेन घ्या, मोबाईलवर नोट्समधे केलं तरी चालतंय.

पहिली पायरी: कोणासाठी बघताय ते लिहा

"चांगलं शहर" असं नुसतं काही नसतं. २२ वर्षाचा एकटा पोरगा, दोन लहान लेकरं असलेलं जोडपं, आणि शुगर-बीपीवाले रिटायर वडील, या तिघांना एकाच गावात तीन वेगळी गावं दिसतात. म्हणून वहीत सगळ्यात वर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्याच्यापुढे त्याला जे नसलं तर चालणारच नाही अशा फक्त दोन गोष्टी लिहा. दोनच. दहा लिहिल्या की सगळंच महत्त्वाचं होतं आणि ठरत काहीच नाही. आईपुढे "फिजिशियन जवळ, ओळखीची माणसं", पोरीपुढे "कॉलेज, रात्री आठला एकटी घरी येता यावं", असं साधं लिहायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमधे हाच कागद समोर ठेवायचाय.

दुसरी पायरी: राज्याची सरासरी बाजूला ठेवा, जिल्ह्यावर या, मंग तालुक्यावर

इथं बहुतेक जण फसतात आणि खान्देशवाल्यांनी तर इथं जास्तच सावध राहायला पाहिजे. टीव्हीवर येतं की महाराष्ट्र प्रगत राज्य, उत्पन्नात पुढे. बरोबरच आहे ते. पण त्यात मुंबई, ठाणे, पुणे मिसळलेले आहेत आणि त्या तिघांचं वजन एवढं आहे की त्यांच्या सरासरीत नंदुरबार दिसतच नाही. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक (शिक्षण, आरोग्य, उत्पन्न मिळून काढतात, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.८४१ होता आणि नंदुरबारचा ०.६०४, म्हणजे राज्यात सगळ्यात वर मुंबई आणि सगळ्यात खाली नंदुरबार, दोन्ही एकाच राज्यात.

त्यात आपली अजून एक गंमत अशी की "खान्देश" नावाचं सरकारी खातं कुठं उघडलेलंच नाही. १९०६ साली इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पूर्वचं पुढे जळगाव झालं, पश्चिमचं धुळं, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आज सरकारी टेबलात हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात राहतात, नाशिक आणि नगरच्या बरोबर. आणि प्रादेशिक असमतोलाची चर्चा निघाली, जी दांडेकर समितीपासून म्हणजे १९८३ पासून चाललीय, की विदर्भ एक, मराठवाडा एक आणि राहिलेला सगळा "उर्वरित महाराष्ट्र". विकास मंडळं झाली तीही अशीच तीन. म्हणजे नंदुरबारचं सातपुड्यातलं धडगाव आणि पुण्याचं कोथरूड एकाच खान्यात! आता "उर्वरित महाराष्ट्र पुढारलेला आहे" असं वाक्य कुठं वाचलं तर त्याचा धडगावच्या माणसाला काय उपयोग, तुम्हीच सांगा.

म्हणून जिल्ह्याचा आकडा शोधा. आणि तिथंही थांबू नका. नंदुरबार जिल्ह्यातच शहादा तालुका बघा, तापीकाठची सपाट काळी जमीन, ऊस, केळी, पपई, साखर कारखाना, मोठी बाजारपेठ. आणि त्याच जिल्ह्यात सातपुड्यात वर अक्कलकुवा-धडगावचे पाडे, जिथं पेशंटला रस्त्यापर्यंत आणायचं हेच पहिलं काम असतं आणि नर्मदेच्या काठच्या गावांना दवाखाना बोटीतून जातो. दोन्हीचा जिल्हा एक, आकडा एक. जळगावातही रावेर-यावलचा केळी पट्टा वेगळा आणि पारोळ्याकडचा कोरडवाहू भाग वेगळा. तुम्ही ज्या गावात राहणार त्या तालुक्याची माहिती मिळाली नाही तर निदान हे लक्षात ठेवा की तुमच्या हातात असलेला आकडा त्या गावाचा नाहीये.

देशाच्या पातळीवरही हेच. केरळ चांगलं, बिहार वाईट, असं एका वाक्यात सांगणारे भरपूर आहेत, पण तुमची बदली "केरळ"मधे होत नसते, एका तालुक्याच्या गावी होत असते.

तिसरी पायरी: आकडे कुठले घ्यायचे आणि कुठले नाही

सगळे आकडे गोळा करायच्या नादी लागू नका. मी सांगतो त्यातले चार-पाच पुरे, आणि सगळे फुकट मिळतात.

साक्षरता आणि लोकसंख्या जनगणनेतून घ्या, पण हे ध्यानात ठेवून की शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची पुढे ढकलली गेली आणि आता २०२७ ची म्हणताहेत. २०११ ला साक्षरता अशी होती: केरळ ९४ टक्के, महाराष्ट्र ८२, गुजरात ७८, मध्य प्रदेश ६९, आणि आपला जळगाव जिल्हा साधारण ७८, नंदुरबार ६४ च्या आसपास. एका पिढीमागचं चित्र आहे हे, दिशा कळते, आजची परिस्थिती नाही.

आरोग्यासाठी बालमृत्यूचा आकडा एकटा बरंच काही सांगतो, कारण त्यात दवाखाना, रस्ता, आईचं खाणं, नर्स हजर होती की नाही, सगळं येतं. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं अशी होती: केरळ ६, महाराष्ट्र १६, गुजरात २३, मध्य प्रदेश ४३, आणि देशाचा आकडा २८. आता बघा, आपल्या खान्देशाला दोन्ही बाजूंनी लागून गुजरात आणि मध्य प्रदेश. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमधे आहे, रावेरच्या पुढे गेलं की लगेच बुऱ्हाणपूर. हद्द ओलांडली की माणसं बदलत नाहीत, बोली पण फार नाही बदलत, पण मागे उभी असलेली सरकारी यंत्रणा बदलते आणि ते असं आकड्यात दिसतं. जिल्ह्याचा तपशील पाहिजे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा, पाचवी फेरी २०१९-२१ ची, तिच्यात प्रत्येक जिल्ह्याचं दोन-चार पानी पत्रक राहतं, बाळंतपण दवाखान्यात होतं का, पोरांचं वजन कसं, घरात संडास आहे का, सगळं.

गरिबीसाठी नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक. हा मला आवडतो कारण तो नुसता पैसा मोजत नाही, पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, पिण्याचं पाणी, वीज, घर, बँक खातं असे १२ मुद्दे बघतो आणि जिल्ह्यापर्यंत जातो. २०२३ च्या अहवालात गरीब माणसांचं प्रमाण असं: महाराष्ट्र ७.८१ टक्के, बिहार ३३.७६, केरळ ०.५५. नंदुरबार तर २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहेच, राज्यातून चारच जिल्हे त्यात होते, बाकीचे वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद.

खर्चासाठी घरगुती खर्चाची पाहणी, २०२२-२३ ची. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च ४,०१० रुपये निघाला, मध्य प्रदेशात ३,११३, केरळात ५,९२४. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. जास्त खर्च म्हणजे महागाई जास्त असं नाही, लोकांकडे खर्चायला आहे आणि ते खर्चताहेत असाही त्याचा अर्थ राहतो.

आता नको असलेले आकडे. दरडोई उत्पन्न एकटं घेऊ नका, मोठा कारखाना किंवा पॉवर प्लांट एका तालुक्यात असला की जिल्ह्याचा आकडा फुगतो आणि पैसा जातो भलतीकडेच. दुसरं, महागाई निर्देशांक. बरेच जण दोन शहरांचा निर्देशांक शेजारी ठेवतात आणि म्हणतात हे १४०, आणि ते १३५, म्हणजे पहिलं शहर महाग. साफ चूक. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की त्या शहरात मूळ वर्षापासून भाव किती वाढले, दोन शहरांत कोणतं महाग हे तो सांगतच नाही. स्वस्त शहरात भाव भराभर वाढले तरी त्याचा निर्देशांक वर दिसणार.

आणि "राहण्यायोग्य शहरं" वाल्या याद्या. केंद्राच्या त्या यादीत २०१८ ला पुणं पहिलं आलं, २०२० च्या यादीत बंगळुरू पहिलं आणि पुणं दुसरं. मस्त वाटतं वाचायला, पण त्यात घेतली ती स्मार्ट सिटी योजनेतली आणि दहा लाखांवरच्या लोकसंख्येची शहरं, म्हणजे जळगाव-धुळं परीक्षेलाच बसलेलं नाही. जे परीक्षेला बसलं नाही ते नापास झालं असं समजणारे मात्र भरपूर भेटतात.

चौथी पायरी: पगाराचा नाही, उरलेल्या पैशाचा हिशोब

हे कागदावरच करा, तोंडी नको. मी एक नमुना देतो, आकडे धरून चाललेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा जळगावात एमआयडीसीत २२ हजार पगार, घर स्वतःचं, गहू-ज्वारी-डाळ शेतातली. किराणा-दूध-भाजी ७ हजार, पेट्रोल १,८००, पोराची शाळा २ हजार, लाईट-गॅस-मोबाईल २,५००, पाण्याचे जार ६००. झाले १३,९००, उरले ८,१००. तेच पुण्यात ४० हजार. भाडं १४ हजार, किराणा-दूध-भाजी १० हजार, येणं-जाणं ३,५००, शाळा आणि व्हॅन मिळून ५ हजार, लाईट-गॅस-मोबाईल २ हजार, आणि आखाजीला, कानबाईला, दिवाळीला गावी यायचा चौघांचा खर्च वर्षाचा काढून महिन्याला १,५०० धरला. झाले ३६ हजार. उरले ४. पगार जवळजवळ दुप्पट आणि शिल्लक अर्धी.

हे वाचून लगेच "बघ मी म्हणत नव्हतो" असं पोराला सांगू नका, थांबा जरा. या हिशोबात जळगावच्या बाजूने दोन गोष्टी फुकट धरल्यात ज्या फुकट नाहीयेत. एक ते घर, भाड्याने दिलं असतं तर त्याचे पाच-सहा हजार आलेच असते ना. दुसरं शेतातलं धान्य, जे बापाने कष्ट करून पिकवलंय आणि मार्केटला विकता आलं असतं. म्हणजे वडिलांचा पैसा पोराच्या पगारात मिसळून आपण "जळगाव स्वस्त" म्हणून राहिलो. शिवाय पुण्यात बायकोलाही काम मिळू शकतं, पाच वर्षांनी पगार कुठं जाईल हेही बघायला पाहिजे. तर हा हिशोब दोनदा करा, एकदा आजचा, एकदा पाच वर्षानंतरचा, आणि दोन्ही वेळेस घरचं घर आणि घरचं धान्य याची किंमत वेगळ्या रकान्यात लिहा. सुरतचं गणित करताना तिसरी ओळ घाला: उधना, लिंबायत, दिंडोली भागात आपली माणसं एवढी आहेत की सुरवातीचे दोन महिने नातेवाईकाकडे निघतात, डिपॉझिटचं टेन्शन पुण्याइतकं येत नाही. हा पैसाच आहे, फक्त पासबुकात दिसत नाही.

पाचवी पायरी: पाणी, ऊन, हवा, दवाखाना

पाणी आहे का असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. कितव्या दिवशी येतं, किती वाजता, किती वेळ, आणि उन्हाळ्यात कितव्या दिवशी, असे चार प्रश्न विचारा. खान्देशातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, आपल्याकडे छतावरची टाकी बघूनच घराची पारख होते. पण बाहेरून येणारे विसरतात आणि मंग एप्रिलमधे रडतात.

उन्हाचं तर विचारूच नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, दुपारी बारा ते पाच रस्ते मोकळे, आणि कूलरचं बिल धरल्याशिवाय लाईटचा खर्च काढू नका. वरच्या मजल्यावरचं, पश्चिमेकडे भिंत असलेलं घर जानेवारीत भाड्याने घेणारा माणूस म्हणजे नवीन आलेला माणूस.

हवेबद्दल एक गैरसमज असा की गाव छोटं म्हणजे हवा चांगली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणारी जी शहरं निवडली त्यात मुंबई-पुण्याबरोबर जळगावही आहे. धूळ, रस्त्यांची कामं, ट्रक, कारण काहीही असो, घरात दमेकरी असेल तर प्रदूषण मंडळाचे आकडे हिवाळ्यातले बघा, पावसाळ्यातले नको, पावसाळ्यात सगळीकडेच बरं असतंय.

दवाखान्याचं असं करा. आता धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज झालीयेत, ही खरंच मोठी गोष्ट आहे, तरी हार्टचं किंवा कॅन्सरचं मोठं काही निघालं की नंदुरबारवाला सुरत धरतो, जळगाववाला संभाजीनगर, नाशिक नाहीतर मुंबई, आणि ते दीडशे किलोमीटर तरी जातंच. म्हणून पहिल्या पायरीतला कागद काढा, घरात कोणाला कोणता डॉक्टर लागतो ते बघा, आणि रात्री दोन वाजता तिथं पोचायला किती वेळ लागेल तो वेळ लिहा. हॉस्पिटलची बिल्डिंग किती मजली आहे ते नको लिहायला.

सहावी पायरी: घरातल्या बायांना वेगळं विचारा

तुलना बहुतेक वेळा पुरुष करतात आणि पुरुषांच्याच सोयीची करतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. आणि गरीब, मागास म्हणून ज्याच्याकडे आपण बोट दाखवतो त्या नंदुरबारमधे ९४४. सोन्याचा बाजार, केळी, डाळमिल, पाईपचे कारखाने असलेल्या जिल्ह्याचा हा आकडा आहे, आणि कोणताही उत्पन्नाचा निर्देशांक तो झाकू शकत नाही. राहणीमान कोणाचं मोजताय हा प्रश्न इथं येतो.

म्हणून बायकोला, आईला, पोरीला प्रत्येकीला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नको, सगळ्यांसमोर "मला काय, कुठंही चालेल" असंच उत्तर येतं. संध्याकाळनंतर बाहेर निघता येईल का, नोकरी करता येईल का, चार बायांची ओळख व्हायला किती दिवस जातील, सासर-माहेर दोन्ही किती लांब पडेल. काही जणींना गावापासून लांब जाणं हेच चांगलं राहणीमान वाटतं आणि ते त्या कधीच तोंडावर बोलत नाहीत.

खाणं हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तोही याच पायरीत. वांगी तर सगळीकडे मिळतात, पण भरताची ती मोठी पांढरट-हिरवी वांगी, कळण्याचं पीठ, खापराचे मांडे, बिबड्या, हे पुण्या-मुंबईत शोधावं लागतं, बंगळुरूत विसरावं लागतं आणि सुरतमधे कोपऱ्यावर मिळतं. हॉटेलातली शेवभाजी सोडून द्या, ती नावालाच खान्देशी.

सातवी पायरी: आठ दिवस राहून बघा, वाईट सीझनमधे

पुणं जुलैत बघा, ट्रॅफिक आणि पाऊस एकत्र. जळगाव मे मधे बघा. सुरत भरपावसाळ्यात बघा, तापीकाठच्या भागात घर घ्यायचं असेल तर २००६ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. बाकी या पायरीत जास्त सांगण्यासारखं काही नाही. ऑफिसच्या टायमाला ऑफिसच्या रस्त्याने जा, आणि किराणा दुकानात स्वतः सामान घ्या.

आठवी पायरी: राज्य बदलत असेल तर कागदपत्रं

हे शेवटी ठेवलं पण नडतं इथंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गेलात तर फार फरक नाही. सुरतला किंवा बुऱ्हाणपूर-इंदूरकडे चाललात तर बघा. रेशन एक देश एक कार्डमुळे कुठंही उचलता येतं, आयुष्मान कार्डही दुसऱ्या राज्यात चालतं, फक्त तिथलं हॉस्पिटल यादीत आहे का ते आधी विचारायचं. पण जातीचा दाखला तसा चालत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या याद्या राज्यवार आहेत आणि पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या राज्याचं आरक्षण मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९० लाच तसं सांगितलंय. सातपुड्यातून गुजरातेत जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांना हे फार उशिरा कळतं, पोरगा नोकरीच्या फॉर्मपर्यंत पोचल्यावर.

आणि पोरांच्या शाळेचं. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, त्यामुळे लहान वर्गांचं निभतं. पण पोरीला पुढे महाराष्ट्रात मेडिकलला घालायचं मनात असेल तर राज्य कोट्यासाठी अधिवास दाखला लागतो आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे असा साधारण नियम आहे, अपवाद आहेत पण थोडेच. म्हणजे पोरगी आठवीत असताना जायचं ठरत असेल तर हा हिशोब भाड्याच्या हिशोबाआधी करावा लागतो. काही घरं मंग असं करतात की बाप एकटा सुरतला, बाकी सगळे नंदुरबारला, आणि तो दर शनिवारी ताप्ती लाईनच्या गाडीने येतो. असं करणार असाल तर चौथ्या पायरीतला हिशोब दोन चुलींचा करा, आणि गाडीभाड्याचे पैसे त्यात धरायला विसरू नका.